वाचून न दाखवलेली ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आहेर कंट्रोल्सचे संस्थापक माननीय नवनाथराव आहेर, त्यांच्या शेजारी बसलेले आमचे संचालक रोहितसाहेब, ज्यांच्यासाठी आपण सगळे आज नाशिक रोडच्या या सभागृहात जमलो ते सत्कारमूर्ती जनाब सलाउद्दीन मणियार, पहिल्या रांगेत बसलेल्या खातूनबी भाभी आणि चिरंजीव झीशान, पेठ तालुक्यातून दोन एसट्या बदलून आलेल्या फुलाबाई भोये आणि ललिता गावित, अंबडच्या कारखान्यातले माझे सर्व सहकारी बंधुभगिनी, आणि मागच्या दारात झाकणं उघडायच्या तयारीत उभी असलेली केटररची मंडळी, ज्यांच्याकडे सभागृहाचं माझ्यापेक्षा जास्त लक्ष आहे, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी जयराम पेखळे. कारखान्यात उत्पादन विभाग बघतो. आमच्याकडे कुणाचाही निरोप समारंभ असला की 'पेखळेंना बोलू द्या, ते हसवतात' असं ठरलेलं असतं. आजही माझ्या खिशात हसवणारं भाषण आहे, दोन पानी. काल बसून लिहिलं. आज सकाळी आरशासमोर वाचायला घेतलं तर पहिल्या पानाच्या पुढे जाता येईना. तेव्हा पहिलं पान त्यातलं बोलतो, पुढचं कसं होईल ते मला माहीत नाही. जरा सांभाळून घ्या.

सलाउद्दीनभाई आमच्याकडे आले बावीस वर्षांपूर्वी, मालेगावहून. त्याआधी तिकडे रेडिओ, टीव्ही, लूमचे मीटर, जे समोर येईल ते दुरुस्त करायचे. शिक्षण आयटीआय. मुलाखतीत नवनाथरावांनी विचारलं, तुम्हाला काय काय येतं? तर हे म्हणाले, बंद पडलेलं काहीही द्या. साहेबांनी टेबलावरचं स्वतःचंच बंद घड्याळ पुढे केलं. ते घड्याळ आजही साहेबांच्या केबिनमध्ये चालू आहे, आणि साहेब आजही मीटिंगला उशिरा येतात. त्याला दुरुस्ती नाही.

त्यांचं टेबल आणि माझं टेबल एकाला एक लागून. बावीस वर्षं. माझ्या घरच्या माणसांनी मला इतकं सलग बघितलेलं नाही. चिपला रागवायचे ते हिंदीत, माणसांना समजवायचे ते मराठीत, आणि चिप जास्त ऐकते अशी त्यांची तक्रार असायची. डब्यात भाजी कुठलीही असो, अर्धी माझ्या ताटात पडायची. भाभी, तुमच्या हातच्या अंबाडीच्या भाजीवर माझा निम्मा हक्क आहे असं मी समजत आलो. होता, असं म्हणायला हवं. त्याबद्दल पुढे बोलतो.

अकरा वर्षांपूर्वी एके दिवशी त्यांनी एक छोटी चिप आणली आणि म्हणाले, हिच्या पोटात बेसिक आहे. बेसिक ही प्रोग्रॅम लिहायची जुनी भाषा, एकेकाळी शाळेतल्या पोरांना शिकवायचे. दहा नंबरची ओळ, वीस नंबरची ओळ. नवनाथराव हसले. म्हणाले, मणियार, हे पोरांचं खेळणं आहे, आपण तापमान सांभाळणारे कंट्रोलर विकतो. तेव्हा सलाउद्दीनभाईंनी जे उत्तर दिलं ते ऐकण्यासारखं होतं. म्हणाले, साहेब, आपलं यंत्र बिघडलं की गिऱ्हाईक आपल्याला फोन करतं, कारण आत काय लिहिलंय ते त्याला दिसत नाही. या चिपमध्ये प्रोग्रॅम साध्या अक्षरांत राहतो. कीबोर्ड लावला, यादी मागितली, की ओळ न् ओळ पडद्यावर येते. ज्याचं यंत्र त्याला वाचता आलं पाहिजे.

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

आता सभागृहात घरची मंडळी आहेत, फुलाबाई आहेत, तर आमच्या धंद्याची गोष्ट दोन शब्दांत सांगतो. कंटाळू नका. सलाउद्दीनभाई पेठला जाऊन बायकांना जसं सांगायचे तसंच सांगतो. ते म्हणायचे, चिपला मराठी येत नाही, इंग्रजी येत नाही, तिची स्वतःची आकड्यांची भाषा आहे. बेसिक म्हणजे तिच्या आत बसवलेला दुभाषा. तुम्ही लिहिलेली एक ओळ तो वाचतो, चिपला समजावतो, मग दुसरी वाचतो. हजार वेळा तीच ओळ आली तर हजार वेळा वाचतो, पाठ म्हणून करत नाही. माणूस प्रामाणिक, पण हळू. दुभाष्यामार्फत भांडण करता येतं, पकडापकडी खेळता येत नाही.

आणि आम्हाला तर पकडापकडीच खेळायची होती. आपल्या घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. हीटरला अगदी नेमकी ऊब हवी असेल तर त्या प्रत्येक शून्याला ठरवावं लागतं, आता किती द्यायची. दुभाषा एक ओळ वाचेपर्यंत शून्य निघून जायचं. मग वयाच्या पन्नाशीला हा माणूस सी भाषा शिकला. तेवढाच घाईचा भाग सीमध्ये लिहायचा, कंपाईल करून चिपच्या स्वतःच्या भाषेत न्यायचा, आणि आलेल्या आकड्यांच्या रांगा बेसिकच्या प्रोग्रॅमच्या तळाशी डकवायच्या. वर नाव द्यायचं. मग बेसिकमधून त्या नावानं हाक मारली की दुभाषा बाजूला सरकतो आणि काम थेट होतं. आम्ही त्याला रूटीन म्हणतो. पहिलं रूटीन चाललं तेव्हा चाचणीचा दिवा लुकलुकायचा थांबला, एकसारखा पेटला. दुसऱ्या दिवशी डब्यातून शीरखुर्मा आला. ईद नव्हती काही.

या रूटीनमध्ये एक मेख असते. स्वतःचं गणित ते स्वतः करतं, पण घड्याळात किती वाजले असलं काही विचारायचं झालं तर त्याला दुभाष्याच्याच घरात जावं लागतं. तिथं कुठल्या फडताळात काय ठेवलंय ते त्याला पाठ असतं. तिसऱ्यात घड्याळ, सातव्यात अमुक. डोळे मिटून हात घालतं. बेसिकची नवी आवृत्ती आली की फडताळं इकडची तिकडे होतात. म्हणून आवृत्ती बदलली की रूटीन नव्या यादीसकट पुन्हा कंपाईल करायचं. दहा मिनिटांचं काम. पण केलंच पाहिजे.

ते कुणी विसरू नये म्हणून सलाउद्दीनभाई प्रत्येक प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला तपासणीची एक ओळ लिहायचे. चिपमधलं बेसिक आणि रूटीन ज्यासाठी बनवलं ते बेसिक एकच नसेल, तर हीटर चालूच होणार नाही, भोंगा वाजेल.

आणि दुसरा त्यांचा नियम टेबलांचा. प्रोग्रॅममधली कुठलीही ओळ बदलली की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ती मोठ्यानं वाचून दाखवायची. शेजारी मी. मी माझ्या डिस्पॅचच्या कागदांत बुडालेलो असायचो आणि हे कंसासकट वाचायचे. एकदा वैतागून म्हणालो, अहो, मला यातलं ओ की ठो कळत नाही, मला कशाला ऐकवता? तर म्हणाले, तुम्हाला कळायची गरज नाही हो. मोठ्यानं वाचताना माझी जीभ अडखळली तर मला कळतं की ओळीत खोट आहे. पुढे मलाही बेसिक येऊ लागलं ते असं कानावरूनच. किरकोळ बदल मी स्वतः करायला लागलो. करायचो आणि त्यांना वाचून दाखवायचो. नियम दोघांनाही सारखा होता.

माझं पहिलं पान इथे संपलं. यापुढे मी लिहिलं होतं की सलाउद्दीनभाई 'वैयक्तिक कारणास्तव' दोन वर्षं आधी निवृत्ती घेत आहेत, ते पुण्याला झीशानकडे जाणार आहेत, नातवंडांत रमणार आहेत, वगैरे. निमंत्रणपत्रिकेतही तेच छापलं आहे. पण इथे बसलेल्या निम्म्या लोकांना दुसरं कारण माहीत आहे, आणि ते कारण असं की, मणियारांच्या सीच्या रूटीननं पेठची अंडी मारली.

फुलाबाई, मी तुमची गोष्ट सांगतो आहे. चुकलं तर मध्येच थांबवा.

पेठकडच्या अकरा बायकांचा बचत गट. द्राक्षाच्या छाटणीला दर वर्षी दिंडोरीकडे जायचं, मुलांची शाळा अर्धी बुडवायची, हे थांबावं म्हणून त्यांनी गावठी कोंबड्यांची पिलं काढायचं ठरवलं. उबवणीचं कपाट तिथल्या सुतारानं बनवलं, कंट्रोलर आमचा. सलाउद्दीनभाई स्वतः चार वेळा गेले. ललिता गटातली सगळ्यात लहान, बारावी झालेली. तिला त्यांनी कीबोर्ड लावून यादी कशी बघायची ते शिकवलं. सांगितलं, यंत्र काहीही वेडंवाकडं वागलं तर आधी यादी बघायची, फोटो काढायचा आणि मग मला फोन करायचा. दोन वर्षं ते कपाट चाललं. गटानं दुसरं, मोठं कपाट करायला घेतलं. बाराशे अंड्यांचं.

गेल्या सप्टेंबरची ही गोष्ट. दुसऱ्या कपाटाचा कंट्रोलर गुरुवारी द्यायचा होता. जुन्या चिप संपल्या होत्या, नव्या आलेल्या लॉटमध्ये बेसिक नव्या आवृत्तीचं होतं. सलाउद्दीनभाई दोन दिवस रजेवर होते, भाभींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. बुधवारी कंट्रोलर चालू केला तर भोंगा. सकाळी पिकअप निघायची, पेठला अंडी कपाटात ठेवायची वेळ ठरलेली, आणि तारीख रोहितसाहेबांनी शब्द देऊन ठरवलेली. तेव्हा तपासणीची ओळ बंद करण्यात आली.

बंद करण्यात आली, असं मी आत्ता म्हणालो. आठ महिने झाले, मी असंच बोलतो आहे. ती ओळ मी बंद केली.

बेसिकमध्ये ते फार सोपं आहे. ओळीच्या आधी एक बारीकशी उभी रेघ टाकायची, एकेरी अवतरण देतो ना आपण, तेवढीच. मग दुभाषा ती ओळ वाचत नाही, टीप समजून पुढे जातो. मी ती रेघ टाकली, भोंगा थांबला, पडद्यावर तापमान आलं. दुपारभर टेबलावर चालवून बघितलं, काटा हलला नाही. शेजारचं टेबल रिकामं होतं. म्हणून वाचून दाखवली नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पण फोन होता की. भाभींची पट्टी सुटायला अजून वेळ होता, सलाउद्दीनभाई दवाखान्याच्या बाकावर नुसते बसून होते. मी फोन का केला नाही? कारण ते काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. ते म्हणणार होते, शनिवारपर्यंत थांबा. आणि मला थांबायचं नव्हतं. पेखळे वेळेवर माल देतो, ही माझी मिजास होती ना.

टेबलावर ते चाललं, कारण टेबलावर वीज गेली नाही. रूटीन घड्याळाच्या फडताळात हात घालायचं ते फक्त वीज जाऊन परत आल्यावर, किती वेळ गेली होती ते बघायला. पेठला एकोणिसाव्या दिवशी दुपारी वीज गेली. चाळीस मिनिटांत आली. चाळीस मिनिटांनी अंड्यांचं काही बिघडत नाही. पण रूटीननं तिसऱ्या फडताळात हात घातला, तिथं आता भलतंच काही होतं, आणि ते तिथेच अडकलं. दुभाषा त्याची वाट बघत थांबला. हीटर पूर्ण चालू राहिला. भोंगा वाजवणं दुभाष्याच्या हातात, तोही वाजला नाही. ऊब वाढली की वीज तोडणारा वेगळा सेफ्टी थर्मोस्टॅट का नव्हता, असं आमचे इंजिनियर मनात विचारत असतील. तो 'दुसऱ्या टप्प्यात' असं कागदावर मीच लिहिलं होतं. वेळ वाचवायला.

बायका भात निंदायला गेल्या होत्या. पाच वाजता ललितानं दार उघडलं तेव्हा आतली वाफ तिच्या तोंडावर आली. आदल्या दिवशीच तिनं एकेक अंडं टॉर्चवर धरून बघितलं होतं. हजारावर अंड्यांत हालचाल होती. दोन दिवसांत चोची बाहेर येणार होत्या.

माफ करा. पाणी घेतो.

दुसऱ्या दिवशी मी पेठला गेलो, एकटाच. म्हणालो, तपासायला नेतो. कंट्रोलर गाडीत घातला, आणि अंबडला येऊन सगळ्यात आधी चिपमधला प्रोग्रॅम पुसला. नंतर केबिनमध्ये रोहितसाहेबांनी विचारलं, काय झालं? सलाउद्दीनभाई माझ्या डाव्या हाताला उभे होते. मी म्हणालो, सीचं रूटीन अडकलं. हे खरं आहे, बघा. कुठल्याही कोर्टात खरं ठरेल. मी खोटं बोललोच नाही. मी फक्त त्याच्या पुढचं वाक्य बोललो नाही.

सलाउद्दीनभाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता विचारतील, वाद घालतील. ते म्हणाले, रूटीन माझंच आहे साहेब. एवढंच.

त्यानंतरचं सगळ्यांना माहीत आहे. रोहितसाहेबांनी ठरवलं की घरचं बेसिक, घरची रूटीनं बंद, कंट्रोलर बाहेरून तयार घ्यायचे. त्यांना मी जेवढं सांगितलं तेवढ्यावरून कुणीही हेच ठरवलं असतं, त्यांना दोष देऊ नका. मग सलाउद्दीनभाईंना विचारण्यात आलं की... नाही. रोहितसाहेबांनी विचारलं, मी शेजारी बसलेलो असताना, की दोन वर्षं आधी मोकळं व्हायला आवडेल का. ते हो म्हणाले.

अंडी गेली त्या आठवड्यातल्या रविवारी ते पेठला गेले, एसटीनं, स्वतःच्या सुट्टीत. हात जोडून त्या अकरा जणींपुढे उभे राहिले. फुलाबाई, तुम्ही त्यांना जे म्हणालात ते मला नंतर ललितानं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "भाऊ, तुमचेवर भरोसा हता आमचा." त्यांनी मान खाली घातली आणि परत आले. कंपनीनं पुढे नवीन यंत्र देऊ केलं तर तुम्ही नको म्हणालात. दिवाळीनंतर तुमच्यातल्या चौघी मुलं घेऊन पुन्हा दिंडोरीला छाटणीला गेल्या. त्या चार घरांतल्या मुलांच्या शाळेचं काय झालं, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

आणि आम्ही दोघं? आम्ही रोज एकाला एक लागलेल्या टेबलांवर बसत होतो. डबा उघडायचा, अर्धी भाजी माझ्या ताटात. जेवण झालं की हात पुसत ते म्हणायचे, "बोला, जयरामभाऊ." मी बोलायचो. पावसाचं बोलायचो, गंगापूर धरणात पाणी किती सोडलं ते बोलायचो, द्वारकेच्या चौकातल्या ट्रॅफिकवर तर मी पाऊण तास बोलू शकतो. ते ऐकून घ्यायचे आणि कामाला लागायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा, बोला, जयरामभाऊ. मला वाटायचं, यांना माझ्या गप्पा आवडतात.

मागच्या गुरुवारी मी या समारंभाचं निमंत्रण द्यायला त्यांच्या घरी गेलो. इथून दोन गल्ल्या सोडून. भाभींनी चहा दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्याशी काही बोलल्या नाहीत, आत निघून गेल्या. सलाउद्दीनभाई म्हणाले, माझ्याकडून दोनच पाहुणे बोलवा, फुलाबाई आणि ललिता. मी म्हणालो, त्यांना कशाला? त्यांना उगाच त्रास. तेव्हा त्यांनी मोबाईल काढला आणि एक फोटो माझ्यापुढे धरला.

कंट्रोलरच्या पडद्याचा फोटो होता. ललितानं काढलेला. त्या संध्याकाळी, मेलेल्या बाराशे अंड्यांपुढे उभं राहून, या मुलीनं शिकवल्याप्रमाणे आधी कीबोर्ड लावला, अडकलेला प्रोग्रॅम थांबवला, यादी मागितली, फोटो काढला आणि त्यांना पाठवला. तिला त्यातलं काय चुकीचं ते कळलं नव्हतं. वरून दुसरी ओळ तपासणीची, आणि तिच्याआधी ती बारीक रेघ. मी चिप पुसायच्या आदल्या दिवशीचा फोटो. केबिनमध्ये माझ्या डाव्या हाताला ते उभे होते तेव्हा हा फोटो त्यांच्या खिशात होता.

 मी विचारलं, हे तेव्हाच रोहितसाहेबांना का दाखवलं नाही? आठ महिने का गप्प बसलात?

ते म्हणाले, "शेजारच्या माणसाची तक्रार फोटो दाखवून करायची असते का? मशीनकडून मला कळलंच होतं, जयरामभाऊ. मला ते तुमच्याकडून कळायला हवं होतं. मी रोज विचारत होतो."

रोज विचारत होते. मंडळी, आठ महिन्यांत कामाचे दिवस किती होतात ते मी त्या रात्री मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. प्रत्येक दिवशी जेवणानंतर हा माणूस माझ्यासाठी दार उघडत होता आणि मी त्याला धरणाची पातळी सांगत होतो. त्यांची नोकरी गेली, अकरा वर्षांचं काम अडगळीत गेलं, त्या बायकांपुढे त्यांचं नाव गेलं. यातलं काहीही वाचवायला माझं एक वाक्य पुरलं असतं. पहिल्या आठवड्यात बोललो असतो तर मी एक चूक केलेला माणूस ठरलो असतो. आता मी कोण ठरतो, ते मला नीट ठाऊक आहे.

निघताना दारात मी विचारलं, समारंभात मी काय बोलू? ते म्हणाले, फार लांबवू नका. लोकांना जेवायचं असतं.

मी त्यांचं ऐकलेलं नाही. सवयच आहे मला. पण त्यांचा नियम मात्र आज पाळतो. बदललेली ओळ शेजाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायची. सलाउद्दीनभाई, ओळ अशी आहे: जर चिपमधल्या बेसिकची आवृत्ती आणि रूटीनची आवृत्ती एक नसेल, तर हीटर बंद कर, भोंगा चालू कर आणि थांब. तिच्याआधी एक रेघ आहे. ती रेघ जयराम पेखळेनं, सप्टेंबर महिन्यातल्या बुधवारी दुपारी, शुद्धीवर असताना टाकली. तुमच्या रूटीनमध्ये खोट नव्हती. तुमच्या कामात खोट नव्हती. थांबायला सांगणारी ओळ तुम्ही लिहिली होती.

माझी जीभ अडखळली, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

रोहितसाहेब, माझा कागद उद्या सकाळी तुमच्या टेबलावर असेल. तुम्ही काय ठरवाल ते ठरवा. मणियारांच्या बाबतीत ठरवलेलं बदलता येईल का, ते मला माहीत नाही. बहुतेक नाही. झीशाननं घर बघून ठेवलंय, सामानाचा टेम्पो परवा येणार आहे. आणि बदललं तरी ते माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसतील, अशी आशा धरण्याचा मला अधिकार नाही. मला माझा मित्र हवा आहे, आणि तो मी स्वतःच्या हातानं घालवला, आणि याला काही इलाज नाही. एवढं सरळ सांगतो.

अध्यक्ष महाराजांनी मला मध्ये थांबवलं नाही, त्याबद्दल त्यांचा ऋणी आहे. आपण सर्वांनी पंखे नीट चालत नसतानाही बसून ऐकलंत, केटररच्या मंडळींनी भांडी न वाजवता वाट बघितली, सर्वांचे मनापासून आभार. भाषणाच्या शेवटी उणंअधिक बोललो असेन तर पोटात घाला, असं सांगायचा प्रघात आहे. बोलण्यातलं जरूर पोटात घाला. करण्यातलं घालू नका. ते असंच उघड्यावर राहू द्या.

आता शेवटचं एक. कार्यक्रमपत्रिकेत यानंतर 'श्री. पेखळे यांच्या हस्ते शाल व श्रीफळ' असं छापलेलं आहे. ते छापताना मला दाखवलं होतं आणि तेव्हाही मी काही बोललो नाही. या माणसाच्या खांद्यावर शाल घालण्याची माझी लायकी नाही. अध्यक्षांची परवानगी मागतो. फुलाबाई, तुम्हाला आठ महिने चुकीच्या माणसाचं नाव माहीत होतं, आणि ते मी माहीत करून दिलं होतं. शाल तुमच्या हातून घातली जावी, अशी माझी विनंती आहे. घालायची की नाही, ते तुम्ही ठरवा, कुणी आग्रह करणार नाही.

उठलात. ललिता, त्यांना हात दे. इथल्या पायऱ्या उंच आहेत, सावकाश या.